आईच्या नंबरावरची नळी

लोकांना 'घाबरू नका' असं सांगण्याचा मला पगार मिळतो, आणि मी स्वतः जन्माची भित्री आहे. कुत्रं भुंकलं की मी रस्ता बदलते. फोन अवेळी वाजला की आधी पाणी पिते आणि मग उचलते. त्यामुळे पुण्याच्या विद्यापीठातल्या स्त्री-आरोग्याच्या प्रकल्पात मला काम मिळालं, तेव्हा आई पोट धरून हसली होती. "ही बायांना धीर देणार व्हय? मंग हिला धीर द्यायला आनि एक बाई ठेवा म्हणावं."

काम बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या गावांमधलं. तिशी ओलांडलेल्या बायकांना समाजमंदिरात नाहीतर अंगणवाडीत गोळा करायचं, गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणजे काय ते समजावून सांगायचं आणि मग ज्यांची तयारी असेल त्यांना एकेक पुडकं द्यायचं. पुडक्यात एक मऊ ब्रश आणि गुलाबी टोपणाची नळी. बाईनं आपल्या न्हाणीत जाऊन, कुणासमोर न झोपता, स्वतःच नमुना घ्यायचा आणि नळी आम्हाला आणून द्यायची. नळीवर नाव नाही, फक्त नंबर. नंबर आणि नाव जोडणारी वही बारामतीच्या कार्यालयात कपाटात बंद. नळ्या बर्फाच्या डब्यातून पुण्याला जायच्या आणि तिथं त्यांत तो विषाणू आहे का ते बघितलं जायचं, ज्याच्यामुळं पुढे कॅन्सर होऊ शकतो.

समजावून सांगायला माझ्याकडे कापडाची शिवलेली एक गर्भपिशवी होती. लाल मखमलीची, आत अस्तर लावलेली. ती बाहेर काढली की बायका आधी पदर तोंडाला लावून हसायच्या. "ही तर पानसुपारीच्या बटव्यावानी हाय," असं कुणीतरी हमखास म्हणायचं. हसून झालं की त्यांची भीड मोडायची आणि मग एकेकीच्या तोंडून अंगावर जाण्याच्या, कंबर मोडून येण्याच्या गोष्टी निघायच्या. मी सगळ्यांना एकच वाक्य सांगायचे. नळीत विषाणू सापडला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही, पुष्कळदा तो आपोआप जातो, फक्त एकदा डॉक्टरांकडून नीट बघून घ्यायचं. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं होतं की ते म्हणताना माझं लक्ष दुसरीकडे असायचं.

आमची वस्ती सांगवीच्या पुढं. वस्तीवर आमची बौद्धांची पंधरा-वीस घरं, थोडा थोडा ऊस, दारात एकदोन गाई. आमच्या घराला लागूनच तात्यांचं घर आहे. तात्या म्हणजे माझे चुलते. आमचे वडील गेल्यापासून तात्या आणि काकी हेच आम्हाला शेजार, सोबत सगळं. काकी आईपेक्षा पंधरा वर्षांनी लहान. मला साडी नेसायला तिनं शिकवलं, सायकलही तिनंच. आई शिकवायला गेली असती तर आम्ही दोघी पडलो असतो.

वस्तीवर चाचणी सुरू करायची वेळ आली तेव्हा अडचण आली. आपल्या नात्यातल्या बाईची नोंद आपण करायची नाही, असा आमच्या कामाचा नियम. इंदापूरची माझी सहकारी त्यासाठी यायची होती, ती ऐन वेळी आजारी पडली. समाजमंदिरात बायका जमलेल्या. मी सगळं समजावून सांगितलं, पुडकी मांडली, आणि एकही बाई हात पुढे करीना. शेवटी कोपऱ्यातून आवाज आला, "आदी तुझ्या आईला दे. तिनं दिलं तर आमी देतो."

नियम गेला खड्ड्यात, असं मी मनाशी म्हटलं. आईची सही घेतली, तिच्या नळीवर एकशे सातचा नंबर माझ्या हातानं चिकटवला आणि पुडकं तिच्या ओंजळीत दिलं. आई घराकडे निघाली. तिच्या पाठोपाठ काकी गेली. काकीचं नाव आमच्या यादीत नव्हतं. तात्यांनी सकाळीच दारात उभं राहून मला सांगितलं होतं, "आमच्या घरात हे लागत न्हाय. एकदा नाव गेलं का पिशवी काढूनच सोडत्यात. ऊसतोडीच्या बायांचं बघितलंय मी." ते रागानं बोलले नव्हते. घाबरून बोलले होते, आणि घाबरलेल्या माणसाशी वाद घालणं मला कधी जमलेलं नाही. त्यामुळे काकी आईबरोबर गेली ती सोबतीला, असंच मी धरून चालले. अर्ध्या तासानं आईनं पदराखालून नळी आणून दिली आणि मग बाकीच्या बायकांची रांग लागली. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी मी वडगाव निंबाळकरच्या एका अंगणवाडीत शिकवत होते. मखमली पिशवी हातात, समोर पंचवीसेक बायका. फोन थरथरला. मॅडमचा निरोप होता. मॅडम म्हणजे आमच्या प्रकल्पाच्या प्रमुख, विद्यापीठात शिकवणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञ. ज्यांच्या नळीत विषाणू सापडला त्यांचे नंबर त्या पाठवायच्या. वहीतून नावं काढून त्या बायकांना इंदापूरच्या तपासणीला आणणं हे माझं काम. 'या गुरुवारनंतरच्या गुरुवारी यांना आणा,' असं लिहून खाली आठ नंबर होते. पाचवा एकशे सात होता.

मला वही बघायची गरज नव्हती.

हातातली पिशवी खाली पडली. पहिल्या रांगेतल्या म्हातारीनं ती उचलून, झटकून मला दिली. "पडू दिऊ नगं बाय, तेवढी एकच हाय," ती म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. पुढचा पाऊण तास मी काय बोलले ते आठवत नाही. विषाणू म्हणजे कॅन्सर नव्हे, हे वाक्य मात्र नक्की म्हटलं असणार, कारण एका बाईनं बाहेर पडताना मला सांगितलं, "तुमी बोलला आन जिवाला बरं वाटलं." मी अंगणवाडीच्या मागं गेले आणि ओकले.

मला मावशी आठवत होती. आईची धाकटी बहीण भिगवणला दिली होती. मी सहावीत असताना तिला असंच काहीतरी झालं. काय झालं ते कुणी बोलायचं नाही, 'पोटाचं दुखणं' म्हणायचे. तिला अंगावरून जात होतं ते तिनं लपवलं, आणि लपवता येईना तेव्हा फार उशीर झाला होता. तिची खाट घराच्या मागच्या पडवीत टाकली होती. आईनं मला डबा देऊन आत पाठवलं. त्या पडवीत वास होता. मी डबा उंबऱ्यावर ठेवला आणि पळाले, थेट रेल्वेच्या फाटकापर्यंत पळाले. मावशीनं हाक मारली होती, मी वळून बघितलं नाही. पुन्हा तिची भेट झाली नाही. मी ह्या कामाला का आले असं मुलाखतीत विचारलं होतं, तेव्हा मी बरंच काही छान छान सांगितलं. ही गोष्ट सांगितली नाही.

आणि आता आई. तपासणीला बारा दिवस होते.

निकाल बाईला फक्त डॉक्टरांनी, समोर बसवून सांगायचा, हाही नियम होता आणि तो योग्यच होता. आम्ही मधली माणसं अर्धवट काहीतरी बोललो की घराघरात रडारड होते. मी एक नियम मोडलाच होता. दुसरा मोडायची माझ्यात ताकद नव्हती. खरं सांगायचं तर नियमाची मला सोयच झाली. नियम नसता तरी आईला सांगायला माझं तोंड उघडलं नसतं.

संध्याकाळी ती भाकरी थापत होती. मी तिच्या पाठीकडे बघून म्हणाले, "आई, इंदापूरला जायचंय, येता गुरुवार सोडून पुढच्या गुरुवारी. मॅडमनी परत एकदा बघायला बोलावलंय. बऱ्याच जणींना बोलावलंय."

थापता थापता तिचा हात थांबला. "नळीचं काय निघालं?"

"मला नसतं सांगत."

ती माझ्याकडे वळली. माझं तोंड बघितलं. माझा चेहरा म्हणजे उघडी खिडकी, हे तिला लहानपणापासून माहीत आहे. मग ती "बरं" म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

त्या दिवसापासून आई गप्प झाली. जी बाई गाईशीसुद्धा तासभर भांडू शकते, ती दोन दोन वाक्यांत दिवस काढू लागली. ती घाबरली आहे हे मला दिसत होतं आणि ते बघून मी आणखी घाबरत होते. दोरीवर वाळत घातलेले तिचे कपडे मी चोरून तपासायचे. ती न्हाणीत गेली की दाराबाहेर काहीतरी काम काढून उभी राहायचे. तिच्या अंगाजवळ जाऊन वास घ्यायचे, आणि शेण, दूध, साबण यांच्याशिवाय काही आलं नाही की तेवढ्यापुरता जीव भांड्यात पडायचा. एकदा मी विचारलं, "कंबर दुखती का गं?"

"ह्या वयात न्हाय दुखणार तर कवा?" ती म्हणाली.

या साध्या उत्तरावर मी दिवसभर विचार केला. जे वाक्य मी शेकडो बायकांना सांगितलं होतं, ते मी स्वतःला आरशासमोर म्हणून बघितलं. काडीचा उपयोग झाला नाही. पुस्तकात काय लिहिलंय ते मला पाठ होतं, आणि डोळ्यांसमोर पडवीतली खाट होती.

काकी रोज संध्याकाळी धार काढून दुधाची किटली आमच्या ओट्यावर आणून ठेवायची. त्यांचा डेअरीचा नंबर मागं एकदा गाय आटली आणि बरेच महिने दूध घातलं नाही म्हणून बंद पडला होता. तेव्हापासून काकीच्या गाईचं दूध आईच्या नंबरावर जातं, चौऱ्याऐंशी नंबरावर. निम्म्या वस्तीचं असंच आहे. नंबर एकीचा, दूध दोघींचं, नंतर घरात बसून वाटणी. संकलन केंद्रावरचा माणूस 'नंबर?' एवढंच विचारतो. दूध कुणाच्या गाईचं, हे त्यानं आजवर कुणाला विचारलेलं नाही.

त्या दिवसांत काकी किटली ठेवून लगेच जायची नाही. ओट्यावर टेकायची. एकदा तिनं मला हळूच विचारलं, "आक्काला काय होतंय का गं? बोलत न्हाय, जेवत न्हाय."

"कंबर दुखतीय," मी म्हणाले. "गुरुवारी नेतीय दाखवायला."

काकीचा चेहरा एवढासा झाला. ती स्वतःही त्या दिवसांत वाळलेली दिसत होती. पण मी आईच्या पलीकडे कुणाकडे बघत होते?

गुरुवारी सकाळी प्रकल्पाची गाडी आली. आई नवं लुगडं नेसून पुढच्या सीटवर बसली. भिगवणच्या बायका घ्यायच्या होत्या म्हणून गाडी तिकडून वळवली. उजनीचं पाणी दिसायला लागलं, मासळीचा वास खिडकीतून आत आला, आणि मावशीच्या गल्लीचं तोंड गेलं तेव्हा आईनं हात जोडले. बायका गाडीत चढल्या आणि आमच्या गप्पा सुरू झाल्या. म्हणजे त्या विचारायच्या आणि मी 'काही नसतं हो, दहा मिनिटांचं काम' असं म्हणायचे. माझ्या तळहातांना इतका घाम येत होता की यादीवरची शाई पसरली.

इंदापूरला एका दवाखान्याच्या दोन खोल्या आम्हाला मिळायच्या. मॅडम पुण्याहून यंत्र घेऊन येत. एकेक बाई आत जायची, आधी मॅडम तिला निकाल समजावून सांगायच्या, मग तपासायच्या. आई पाचवी होती. मी बाहेर बाकावर, माझ्या दोन्ही बाजूंना घाबरलेल्या बायका, आणि मी दोघींचे हात धरून बसलेली. आईच्या मागं दार बंद झालं. नेहमी पंधरावीस मिनिटं लागतात. पाचच मिनिटांत दार उघडलं आणि मॅडमनी मला आत बोलावलं.

नेहमीपेक्षा लवकर बोलावणं आलं म्हणजे वाईटच. दारापर्यंतच्या चार पावलांत मी आईला पुण्याला नेलं, तिचे केस गेले, पडवीत खाट टाकली.

आई टेबलाच्या कडेला पाय सोडून बसली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मॅडम पेन हातात धरून तिच्याकडे बघत होत्या.

"हिची नोकरी जाईल का, ते आदी सांगा," आई मॅडमना म्हणाली.

"आई, काय झालं?"

"त्या सांगत न्हाईत, तर मी बोलायची न्हाय."

मॅडम म्हणाल्या, "नाही जाणार. तुम्ही बोला."

आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "ती नळी माझी न्हाय."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि जे झालं ते मी लिहिते, कारण ते लपवलं तर बाकीचं लिहिण्यात काही अर्थ नाही. मला आनंद झाला. बारा दिवस छातीवर बसलेलं ओझं उतरलं आणि मी मोठ्यानं हसले. आईची नाही! दुसऱ्या कुणाची तरी आहे! दुसरी कोण, हा प्रश्न मला पडायच्या आधी मी हसून मोकळी झाले होते.

"हिच्या काकीची हाय," आई म्हणाली. "माझ्या धाकट्या जावेची. तिचं लई दिसांपासून मधीच जातंय अंगावरनं. घरात तात्या सही करू दीनात. ती माझ्यापाशी रडली. मी म्हटलं, तुझं दूध जातंच की माझ्या नंबरावर, मंग ह्ये बी जाऊ दे. निकाल माझ्या नावानं ईल, मी तुला सांगीन. कुनाला कळायचं न्हाय."

 मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"मंग ही म्हणली, परत बघायला बोलावलंय," आई पुढं म्हणाली. "हिचं तोंड बघितलं आनि मी समजले. पण बोलू कशी? बोललं तर हिची नोकरी जाती, आन तिच्या घरात भांडान. तिला बी सांगितलं न्हाय मी. म्हटलं, डाक्टरीनबाईच्या तोंडून नीट ऐकावं आन मगच काय ते सांगावं." तिचा आवाज फाटला. "माझी भन अशीच गेली, बाई. न बोलता."

म्हणजे ते बारा दिवस आई स्वतःसाठी घाबरलेली नव्हती. आम्ही दोघी एकाच चुलीपुढं बसून दोन वेगळ्या बायकांसाठी मरत होतो.

मॅडमना मी सगळं सांगितलं, आईची नोंद मी स्वतः केली तेही. त्या रागावल्या, आणि रागवायला हवंच होतं. मग त्यांनी आमचा छापील फॉर्म उघडला. शेहेचाळीस प्रश्न होते त्यात. चूल कसली, शिक्षण किती, पाळी कधी आली, बाळंतपणं किती. 'हा नमुना तुम्ही स्वतःचाच दिलात का?' हा प्रश्न नव्हता. "असं कुणी करेल असं आमच्या डोक्यातच आलं नाही," मॅडम म्हणाल्या. माझ्या डोक्यात यायला हवं होतं. मी त्या डेअरीच्या रांगेत वाढले आहे. किटली घेऊन चौऱ्याऐंशी नंबर मी हजार वेळा सांगितला असेल.

मॅडमनी आईलाही तपासलं. वरून बघता काही नव्हतं, तरी तिची खरी नळी त्यांनी स्वतः घेतली. मग मला म्हणाल्या, "काकींना इथं आण. त्यांची इच्छा असेल तर. आणि लवकर आण. मध्ये मध्ये रक्त जातंय म्हणजे वाट बघण्यात अर्थ नाही." त्यांनी 'काळजीचं कारण नाही' असं म्हटलं नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत थांबले, तरी म्हटलं नाही.

 येताना गाडीत मी काकीचे गेले काही महिने आठवत होते. ती तात्यांच्या मोटरसायकलवर बसायची बंद झाली होती. 'चालत येते' म्हणायची. गडद रंगाच्या साड्याच नेसायची. ऊस खुरपायला आली की मध्येच बांधावर बसायची आणि 'ऊन लागतंय' म्हणायची. मधेच अंगावरून जातं का, थकवा येतो का, हे सगळे प्रश्न माझ्या फॉर्मवर होते. मी ते अख्ख्या दोन तालुक्यांना विचारले, फक्त शेजारच्या दारात विचारले नाहीत.

वस्तीवर पोचलो तेव्हा धारेची वेळ झाली होती. काकी गोठ्यात गाईखाली बसली होती. आमची चाहूल लागताच तिनं मान वळवली.

"आक्काचं काय निघालं गं?"

"आईला काय न्हाय काकी."

तिनं सडावरचे हात काढले आणि दोन्ही तळवे कपाळाला लावले. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "बया, लई बरं झालं! दहा-बारा दिस झालं, माझ्या पोटात नुसता गोळा. म्हटलं, आता आक्का बी तिच्या भनीवानी..." ती हसत होती, नाक पुसत होती. मी तसंच हसले होते, सकाळी, इंदापूरला. त्या हसण्याकडे मला बघवेना.

आई गोठ्याच्या खांबाला धरून उभी होती, पदराचा बोळा तोंडात. काकीची नजर तिच्यावर गेली, मग माझ्यावर आली. हसू हळूहळू थांबलं.

"मंग नळीचं?" ती म्हणाली.

गाईनं शेपूट आपटलं. हजारभर बायकांना मी उभं राहून समजावलं असेल. मी काकीच्या समोर, शेणातच, खाली बसले. "त्यात ते सापडलंय, काकी. म्हंजी कॅन्सर हाय असं न्हाय. पण बघायला पायजे. लगेच बघायला पायजे." 

काकीनं चरवी बाजूला सरकवली. दूध सांडू नये म्हणून तिनं ती नीट, भिंतीला लावून ठेवली.

तेवढ्यात तात्या किटली घेऊन दारात आले. "झाली का धार? गाडी जाईल डेअरीची."

काकी उठली. साडीला हात पुसले. ती तात्यांकडे बघत होती, पण बोलली माझ्याशी.

"तुजी वही आन. माझं नाव लिव्ह."

"कसली वही?" तात्या म्हणाले. "कशाचं नाव?"

"सांगते," काकी म्हणाली. "बसा. आज दूध गेलं न्हाय तरी चालंल."

तात्या उंबऱ्यावर बसले. तिनं त्यांना सगळं सांगितलं, कधीपासून जातंय तेही.  त्यांच्या हातातली रिकामी किटली खडखड वाजत होती. सांगून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "मला का न्हाय बोललीस?"  उत्तर त्यांनाही ठाऊक होतं.

इंदापूरची माझी सहकारी दुसऱ्या दिवशी आली आणि काकीची नोंद नियमानं तिनंच केली. काकीनं सावकाश, अक्षर अक्षर लावत सही केली. तात्या शेजारी उभे होते. पुढच्या गुरुवारी मॅडमनी तपासून तिच्या पिशवीच्या तोंडाचा बारीक तुकडा काढून पुण्याला पाठवला. त्याचा रिपोर्ट यायचा आहे. आमच्या फॉर्मवर आता सत्तेचाळीस प्रश्न आहेत.

मी रोज गावांना जाते आणि मखमली पिशवी काढून दाखवते. विषाणू म्हणजे कॅन्सर नव्हे, हे वाक्य म्हणताना आता लक्ष दुसरीकडे जात नाही. फोन वाजला की पाणी प्यायचंही सुचत नाही. काल संध्याकाळी आमच्या ओट्यावर मी असाच फोन हातात धरून बसले होते, मॅडमचं नाव दिसत होतं आणि उचलायचा धीर होईना. काकी किटली ठेवायला आली. तिनं पडद्यावरचं नाव वाचलं, माझ्या शेजारी टेकली आणि माझा गार पडलेला हात तिच्या मांडीवर घेतला.

"उचल," काकी म्हणाली. "ह्या बारीला माझ्याच नंबराचा हाय."